वीस हजारांत गोवा : एका साध्या सायकलचं प्रकरण

"मामा, कार्बनची चाकं मिळत्यात. अडतीस हजार. ईएमआय बसतोय."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला तो असा. त्याची सायकल चौतीस हजारांची. ॲल्युमिनियमची साधी रोडबाइक, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे आठ गिअर, शिमानोचा क्लॅरिस संच, रिमवर दाबणारे ब्रेक, वजन सामानासकट अकरा किलोच्या घरात. चौतीस हजारांच्या सायकलला अडतीस हजारांची चाकं म्हणजे घरापेक्षा दाराची चौकट महाग. पण तसं म्हणून माणूस ऐकत नाही. मी इतकंच विचारलं, हातात रोख किती आहेत? म्हणाला, वीस. मग वीसच खर्च करायचे, हप्ता नाही, असं ठरलं आणि पुढचे साडेतीन महिने त्या वीस हजारांचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला. काय घेतलं, काय नाही, कुठे चुकलो, ते सगळं इथे मांडतो.

भाचा सत्तावीस वर्षांचा, वजन ७१ किलो, कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. पोहणं राजाराम तलावात शिकलेला, पळणं बरं, सायकल मात्र 'जाते तशी जाते' या प्रकारातली. डोळ्यासमोर गोव्याची अर्धी आयर्नमॅन, म्हणजे ७०.३ नावाची ट्रायथलॉन. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं. या स्पर्धेत हौशी लोकांना दुसऱ्याच्या मागे चिकटून हवा वाचवता येत नाही, बारा मीटर अंतर राखावं लागतं. म्हणजे तीन तास वारा अंगावर घ्यायचा तो स्वतःच.

त्याच्या दोन तक्रारी होत्या. एक, वेग अठ्ठावीसच्या पुढे टिकत नाही. दुसरी त्याने फारशी महत्त्वाची मानलेली नव्हती, बोलता बोलता सहज सांगितली : सत्तर-ऐंशी किलोमीटर झाल्यावर सायकलवरून उतरलं की कंबर सरळ व्हायला दोन किलोमीटर लागतात, तोवर पळणं म्हणजे म्हाताऱ्यासारखं वाकून चालणं. मला खरं दुखणं हे वाटलं. ट्रायथलॉनची सायकल कितीही पळाली तरी उतरल्यावर पाय चालले नाहीत तर त्या वेगाला अर्थ नाही.

ताकद कुठे जाते

पैसे खर्च करण्याआधी एका रविवारी ताईच्या स्वयंपाकघरात बसून कागदावर आकडेमोड केली. माणूस आणि सायकल मिळून ८२ किलो, सपाट रस्ता, वारा नाही, ताशी २८ किलोमीटर. हात ब्रेकच्या मुठीवर ठेवून बसलेल्या त्याच्या अंगकाठीच्या माणसाला हवा कापायला साधारण शंभर वॉट लागतात, टायर घासण्यात चाळीसच्या वर जातात, थोडे चेनमध्ये. म्हणजे दोन-तृतीयांश ताकद हवेत. आणि त्या हवेत अडतो कोण? सायकल नव्हे, मुख्यतः अंग. छाती, खांदे, डोकं, फडफडणारा शर्ट. चाकांचा वाटा त्यात लहान, आणि या वेगाला तर आणखीच लहान. महागड्या चाकांच्या जाहिरातीत जे आकडे असतात ते बहुधा ताशी ४०-४५ किलोमीटरला काढलेले असतात. हवा कापायची ताकद वेगाच्या घनात वाढते, त्यामुळे पंचेचाळीसला वाचणाऱ्या वीस वॉटचे अठ्ठावीसला पाचसुद्धा उरत नाहीत.

"आणि वजन? चाकं सहाशे ग्रॅमनं हलकी हायत."

त्याचंही गणित केलं. पन्हाळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, कोल्हापूरपासून वीस किलोमीटर, गड पायथ्यापासून चारशे मीटरच्या आसपास वर. एक किलो वजन ४०० मीटर उचलायला ३,९२४ ज्यूल. १७० वॉटने पायडल मारणाऱ्या माणसाची ती तेवीस सेकंदांची मेहनत. सहाशे ग्रॅमचे झाले चौदा सेकंद. पन्हाळा चढून गेल्यावर चौदा सेकंद! भाचा गप्प बसला. ताई मागून म्हणाली, "एवढ्यासाठी अडतीस हजार? शौचाला जाऊन आला तरी तेवढं हलकं होतंय की." यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं, आणि चाकांचा विषय तिथेच मिटला.

मग मोजमापाची पद्धत ठरवली. पॉवर मीटर, म्हणजे पायडलवरची ताकद मोजणारं यंत्र, आमच्याकडे नाही, घेणंही शक्य नाही. शहराबाहेर बऱ्यापैकी सपाट असा दहा किलोमीटरचा पट्टा निवडला, जाऊन येऊन वीस. पहाटे साडेपाचला, वारा सुटायच्या आत, छातीला पट्टा बांधून नाडी १५० च्या आसपास ठेवायची आणि वेळ बघायची. शास्त्रशुद्ध नाही हे मान्य. झोप कमी झाली तरी नाडी बदलते, ऊन बदललं तरी बदलते. म्हणून प्रत्येक बदलानंतर किमान दोन वेगवेगळ्या दिवशी फेरी मारायची आणि अर्ध्या मिनिटापर्यंतचा फरक फरक मानायचाच नाही, एवढा नियम केला. पहिली वेळ : ४३ मिनिटं ५ सेकंद.

आधी ब्रेक

पहिला खर्च वेग वाढवण्यावर नव्हे, थांबण्यावर केला. त्याच्या सायकलचे ब्रेक रबर दगडासारखे कडक झाले होते, नखाने ओरखडा उठत नव्हता. रिमवर करकर आवाज, पावसात तर देवावर हवाला. पट्टी बदलता येणारे चांगल्या प्रतीचे ब्रेक रबर दोन जोड ११०० रुपये, आणि ब्रेक-गिअरच्या सगळ्या केबल आतल्या-बाहेरच्या मिळून १३००. केबल बदलल्यावर त्याने पहिल्यांदा मागचा गिअर टाकला आणि म्हणाला, "मामा, हे एवढं हलकं असतंय होय?" दोन वर्षांचा गंज आणि चिखल त्या नळीत होता. महागडा गिअर संच घ्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी केबल बदलून बघावी, निम्म्यांची इच्छा मरेल.

चेन मोजली. पोलादी पट्टी घेऊन पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या म्हणजे बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर. त्याची भरली ३०७ च्या वर. एवढी ताणलेली चेन मागच्या दात्यांना खात बसते. नवी आठ गिअरची चेन ११५०. दाते अजून धरून होते, म्हणून कॅसेट, म्हणजे मागच्या दात्यांचा संच, वाचली, तेवढाच जीव भांड्यात पडला. चाकांच्या हबमधले छरे धुऊन ग्रीस भरणं आणि चाकांचा डुगू काढणं ओळखीच्या मिस्त्रीने ६०० रुपयांत केलं.

टायर हा एकच भाग असा की जिथे मी हात आखडता घेऊ दिला नाही. सायकलबरोबर आलेले टायर जाड, तारेच्या कडेचे, रबर लाकडी. त्याजागी घडी होणारे, मऊ रबराचे २८ मिलिमीटरचे मधल्या किमतीतले टायर घेतले, दोन मिळून ४८००, ट्यूब ७०० च्या. याहून वरच्या प्रतीचे, शर्यतीचे म्हणून ओळखले जाणारे टायर होते, पण ते जोडीला दुप्पट. आपल्या रस्त्यावरच्या काचा आणि खिळे बघता तेवढं धाडस झालं नाही.

इथे माझी पहिली चूक. हवा किती भरायची? मी जुन्या वळणाचा, टायर दगड झाला पाहिजे या मताचा. ११० पीएसआय भरले. फेरीत वेळ सुधारली ती नावापुरती, आणि पोराचे तळहात बधिर झाले. मग हवा कमी करत गेलो. शेवटी पुढे ७५, मागे ८० वर थांबलो. भाच्याला वाटलं सायकल मंदावली, कारण रस्त्याची थरथर कमी झाली आणि थरथर म्हणजे वेग असं आपल्या डोक्यात बसलंय. घड्याळ वेगळं सांगत होतं. खडबडीत डांबरावर टणक टायर उसळतो, आणि प्रत्येक उसळीत सायकलसकट माणूस वर उचलला जातो. ती मेहनत पुढे जायच्या कामी येत नाही, अंगात जिरते.

शर्टाचंही याच टप्प्यात केलं. फडफडणाऱ्या टीशर्टऐवजी अंगाला चिकटणारा एकसंध ट्रायसूट, २६०० रुपये. पोहण्यापासून पळण्यापर्यंत तोच. आरशात बघून भाचा लाजला, पहिले चार दिवस पहाटे अंधारातच बाहेर पडायचा.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसाने उघडीप दिली तेव्हाची वेळ : ४१ मिनिटं ५० सेकंद. सव्वा मिनिट गेलं होतं आणि सायकल दिसायला होती तशीच.

ॲरोबार, आणि फसलेला पहिला महिना

आता मुख्य वस्तू. हँडलवर बसवायचे क्लिप-ऑन ॲरोबार, म्हणजे पुढे निघालेल्या दोन नळ्या आणि कोपरं टेकायला गाद्या. ही वस्तू ट्रायथलॉनवाल्यांचीच देणगी. रोड सायकलिंगच्या जगाने तिच्याकडे नाक मुरडलं होतं, ते १९८९ पर्यंत. त्या वर्षीच्या तूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीच्या शेवटच्या दिवशी, व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरच्या एकट्याच्या शर्यतीत ग्रेग लेमाँ असा बार लावून उतरला. पन्नास सेकंदांनी मागे होता, आणि अख्खी तूर आठ सेकंदांनी जिंकला. त्याच्या पुढे असलेला लोराँ फिन्याँ साधं हँडल धरून, पोनीटेल वाऱ्यावर सोडून आला होता. त्यानंतर नाक मुरडणं बंद झालं.

आम्हाला पुण्यातल्या एकाकडून वापरलेले ॲल्युमिनियमचे बार ३८०० ला मिळाले. बसवायला घेतले आणि बसेनात. हे बार ज्या जागी आवळायचे तिथे हँडलची जाडी ३१.८ मिलिमीटर लागते. स्वस्त हँडलला ही जाडी मधोमध चार बोटं असते आणि लगेच निमुळती होत जाते. बारचा क्लॅम्प त्या उतारावर आला. आवळला तर एका कडेला पकड, दुसऱ्या कडेला फट. असाच आवळून पहिल्या दिवशी निघाला आणि एका खड्ड्यात बार फिरून खाली गेला. कोपरं गाद्यांवर, हात ब्रेकपासून लांब. पडला नाही, नशीब.

इथे टर्नर कामाला आला. त्याने व्हर्नियरने हँडलची जाडी दर पाच मिलिमीटरला मोजून वहीत लिहिली, दुपारच्या सुट्टीत भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा लेथवर धरला, आतून निमुळतं बोअर आणि बाहेरून बरोबर ३१.८ असं कडं काढलं आणि हॅक्सॉने उभं चिरून दोन अर्धगोल केले. हँडलवर ते असे बसले की नख शिरेना. मध्ये कार्बन जोडणीला वापरतात ती खरखरीत पेस्ट बोटभर, स्क्रू टॉर्क पान्याने पाच न्यूटन मीटरवर. त्यानंतर बार हलला नाही. ज्यांच्याकडे असा भाचा नाही त्यांनी बार घ्यायच्या आधी पट्टी घेऊन हँडलच्या जाड भागाची लांबी मोजावी, आणि हँडल कार्बनचं असेल तर बनवणाऱ्याने ॲरोबार चालतील असं लिहून दिल्याशिवाय हात लावू नये.

बार घट्ट झाले, फेरी मारली. ४१ मिनिटं २० सेकंद. फक्त तीस सेकंद! आमच्याच नियमाप्रमाणे हा फरकच नव्हता. अडतीसशे रुपये पाण्यात गेल्यासारखं वाटलं. कंबर आधीपेक्षा जास्त दुखायला लागली ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी मी ॲक्टिव्हा काढली आणि त्याच्या मागे मागे गेलो. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. तो कोपरं टेकून वाकला की चालू, उठला की बंद. वीस किलोमीटरच्या एक्केचाळीस मिनिटांत तो खाली होता सतरा मिनिटं. उरलेला वेळ मान चोळणं, कंबर ताणणं, पुढे सरकून सीटच्या टोकावर बसणं, परत मागे येणं. हा आकडा मिळाला तेव्हा प्रकरण उलगडलं. बारात खोट नव्हती. त्यावर तो टिकतच नव्हता.

कारण सायकलच्या बांधणीत आहे. रोडबाइकच्या सीटची नळी जमिनीशी ७३ अंशांच्या आसपास कललेली असते, म्हणजे माणूस पायडलच्या बराच मागे बसतो. तसं बसून ब्रेकच्या मुठी धरायला ठीक. पण त्याच जागी बसून कोपरं पुढे खाली टेकली की मांडी आणि पोट यांच्यामधला कोन मिटतो. पायडल वर आलं की गुडघा छातीकडे, पोट दबलेलं, श्वास अर्धा. शरीर त्यातून वाट काढतं : कंबर गोल करतं, नाहीतर पुढे सरकून टोकावर बसतं. भाचा दोन्ही करत होता. खऱ्या ट्रायथलॉन सायकलची नळी ७६-७८ अंशांची असते ती यासाठीच. माणसाला पायडलच्या वर आणून अख्खा पुढे कलंडायचा, म्हणजे कोन उघडा राहतो. त्या दोन-तीन लाखांच्या सायकलीत जे असतं त्यातला हा चार अंशांचा तुकडा आमच्या कामाचा, आणि तो वापरलेल्या बाजारात नऊशे रुपयांना मिळतो.

आधी फुकटचा उपाय करून पाहिला. सीटपोस्टला मागे वीस मिलिमीटरचा बाक होता, तो फिरवून पुढे केला. पण त्याचा क्लॅम्प एका स्क्रूचा. उलटा केल्यावर सीटचं टोक आभाळाकडे, सपाट होईच ना. मग दोन स्क्रूवाली, बिनबाकाची २७.२ ची सरळ नळी शोधली, ९०० रुपये. तिने वीस मिलिमीटर मिळाले, सीट तिच्या रुळांवर आणखी वीस पुढे सरकवली. एकूण चाळीस मिलिमीटर. त्याच्या ७२ सेंटीमीटर सीट-उंचीला याचे अंश झाले तीनच्या जरा वर, म्हणजे ७३ चे ७६ च्या वर. सीट अशी आडवी पुढे नेली की पायडलपासूनचं अंतर कमी होतं, चाळीस मिलिमीटरला सुमारे अकरा. तेवढी सीट वर उचलायला हवी. ही बारीक गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग गुडघ्याची पुढची बाजू दुखते म्हणून ॲरोबारला शिव्या देतात.

आता माझी दुसरी चूक, पहिल्यापेक्षा मोठी. गाद्या जितक्या खाली तितका वेग, असं मीच त्याला सांगून बसलो होतो. फोटोतले व्यावसायिक खेळाडू बघून. गाद्या सीटपेक्षा अकरा सेंटीमीटर खाली होत्या. मशीन शॉपमध्ये आठ तास उभा राहून कंबर धरलेल्या पोराला ते झेपणार कसं? त्याने गाद्यांखाली घालायला तीस मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे ठोकळे बनवले, लांब स्क्रू ८० रुपयांचे. गाद्या वर आल्या, थोड्या मागेही घेतल्या, कोपराचं हाड गादीच्या मागच्या कडेला टेकेल अशा. म्हणजे वजन स्नायूवर नाही, हाडावर. आणि गंमत अशी की हात वर आल्यावर डोकं खाली गेलं. आधी खांदे ताणलेले असायचे, रस्ता बघायला मान उचलावी लागायची आणि हेल्मेट वाऱ्यात उभं राहायचं. आता खांदे सैल, मान आत. बाजूने मोबाइलवर घेतलेले दोन व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिले तर गाद्या वर असतानाचा माणूस गाद्या खाली असतानाच्यापेक्षा लहान दिसत होता.

सीटही बदलली. पुढे कलंडून बसलं की भार मागच्या हाडांवरून पुढच्या नाजूक भागावर येतो, तिथे जुनं निमुळतं टोक वीस मिनिटांत बधिरपणा आणायचं. आखूड नाकाची, मधे खाच असलेली सीट १९०० ला. हा विषय चारचौघांत कोणी काढत नाही, पण अर्धे लोक ॲरोबारवरून उठतात ते याच कारणाने.

सप्टेंबरच्या शेवटी परत ॲक्टिव्हा, परत स्टॉपवॉच. वेळ ३९ मिनिटं ३५ सेकंद, त्यातली पस्तीस मिनिटं कोपरं टेकून. म्हणजे ताशी तीसच्या थोडं वर. रविवारच्या आकडेमोडीत, अंगाची आडवी जागा आणि टायरची घासणी थोडी घटवून तेवढ्याच ताकदीचा वेग मी ३०.३ काढला होता. इतका तंतोतंत मेळ हा योगायोग समजावा. कागदावर वारा, स्पीडब्रेकर आणि कुत्री नसतात.

उरलंसुरलं

कुत्र्यांवरून आठवलं. सीट पुढे नेली की वजन पुढच्या चाकावर येतं आणि सायकल चुळबुळी होते. हात ब्रेकवर नसतात. म्हणून घरात नियम केला : गाव, चौक, बाजार, उतार आणि ग्रुप राइड यांत बारवर जायचं नाही. मोकळा रस्ता, समोर शंभर मीटर दिसतंय, तेव्हाच. ऊस वाहणारे ट्रॅक्टर सुरू झाले की तेही नाही. एक हात सोडून पाणी प्यायला पंधरा दिवस वेगळा सराव केला, सोसायटीच्या आवारात, पोरं हसत असताना.

गिअर बदलायची बटणं बारच्या टोकाला घेता येतात, पण तो खर्च आठ हजारांच्या घरात जात होता, सोडून दिला. चढ दिसला की आधीच उठून गिअर हलका करून ठेवायचा. क्लीटचे, म्हणजे बुटाचा तळ अडकवायचे, पायडल आणि त्यांचे बूटही घेतले नाहीत. पळायचे बूट घालूनच, पायडलला पट्टे लावून. यात थोडी ताकद जाते असं म्हणतात. आम्हाला सायकलवरून उतरल्यावर बूट बदलायचं मिनिट वाचलं.

पाऊस सरल्यावर चेनला तेलाऐवजी मेण. मेणबत्तीचं साधं पॅराफिन, नवी चेन पेट्रोलमध्ये दोनदा खळखळून, कारखान्यातलं चिकट ग्रीस पूर्ण गेल्यावर. मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही, मोठ्या पातेल्यात पाणी घालून त्यात ठेवायचं, म्हणजे शंभर अंशांवर जातच नाही आणि भडका उडत नाही. पेट्रोलचं काम अंगणात, गॅसपासून लांब, आणि चेन वाळून खडखडीत झाल्याशिवाय आत आणायची नाही. ताईने एक पातेलं यासाठी कायमचं सोडून दिलं, तेही खर्चात धरायला हवं असं तिचं म्हणणं आहे. मेण लावलेली चेन काळी होत नाही, धूळ धरत नाही. फक्त भिजली की संपलं, परत कढई. म्हणून जुलैत हा उद्योग करू नये.

दोन नळ्यांच्या मधे बाटलीचा साधा पिंजरा प्लास्टिकच्या टायने बांधला, दोनशे रुपयांत. हँडलची टेप ३५०. सगळं मिळून १९,४८०. हातात राहिले ५२०, त्यातल्या अडीचशेत मिस्त्री आणि आम्ही दोघांनी मिळून तांबडा-पांढरा नव्हे, मिसळ खाल्ली.

गोव्यात काय झालं

मिरामारला पहाटे समुद्र शांत होता. सायकलला ऊन आणि दमटपणा कोल्हापूरच्या मानाने भलताच, त्यात चढ-उतार. ९० किलोमीटर ३ तास ४ मिनिटांत, म्हणजे ताशी एकोणतीसच्या वर. आमच्या पट्ट्यावरचा तीसचा आकडा तिथे निघाला नाही आणि निघणारही नव्हता. तो वीस किलोमीटरचा होता. आजूबाजूने कार्बनच्या चाकांचा घुमणारा आवाज करत बरेच गेले. त्यातले काही चढावर परत भेटले, काही भेटले नाहीत. त्याला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणतो, मला पूर्ण पटलेलं नाही.

मी उभा होतो सायकल ठेवून पळायला निघतात त्या वळणावर. मला वेळेपेक्षा त्याची कंबर बघायची होती. आला, सायकल टांगली, टोपी घातली आणि निघाला. सरळ. पहिल्या शंभर मीटरला पाय थोडे लाकडी, ते सगळ्यांचेच असतात. दोन किलोमीटरवर परत दिसला तेव्हाही ताठ. अर्धं मॅरेथॉन उन्हात २ तास १९ मिनिटं, शेवटच्या पाचात चालला. ते त्याच्या पळण्याचं प्रकरण, सायकलचं नव्हे.

सायकलचं एकच गाऱ्हाणं उरलं. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास रस्त्यावरच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवर सलग खडखड झाली आणि दोन नळ्यांमधल्या पिंजऱ्यातून बाटली उडून रस्त्याच्या कडेला गेली. भरलेली, मीठ-साखर घातलेली. पुढच्या पाण्याच्या ठिकाणापर्यंत तो कोरडा. इतके स्क्रू टॉर्क लावून आवळले, आणि बाटलीचा पिंजरा सैल आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आता पिंजऱ्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा आहे आणि बाटलीच्या मानेवरून एक रबरबँड. रबरबँड ताईच्या दुधाच्या पिशवीचं, त्याचे पैसे हिशेबात धरलेले नाहीत.